आठ सिलिंडरांचा सूर

एक लिटर पेट्रोल पुरते जाळायला हवा किती लागत असेल? दहा लिटर? शंभर लिटर? उत्तर आहे, सुमारे नऊ हजार लिटर! हिशेब सोपा आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम भरते आणि एक ग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे लिटरभर पेट्रोलला जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा हवी. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणजे ही हवा नऊ घनमीटर झाली. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशी एक न्हाणी तिने भरून जाईल.

मोटारीच्या एंजिनाची शक्ती वाढवायची म्हणजे काय करायचे, याचे मर्म या एका आकड्यात आहे. पेट्रोल द्रवरूप असते, ते चिमूटभर जागेतून हवे तेवढे सोडता येते. हवा मात्र सिलिंडरात शिरायला जागाही मागते आणि वेळही. पेट्रोल जास्त पाजले आणि हवा तेवढीच राहिली, तर शक्ती वाढत नाही, काळा धूर तेवढा वाढतो. आणि समजा, हवा व पेट्रोल दोन्ही योग्य प्रमाणात आत गेली, तरी ठिणगी चुकीच्या क्षणी पडली तर सगळे मुसळ केरात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिघांचा मेळ बसवणे म्हणजेच एंजिनाचे ट्यूनिंग. तंबोऱ्याच्या तारा सुरात लावतात तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की येथे कानापेक्षा मोजमापावर जास्त भिस्त ठेवावी लागते.

हे ट्यूनिंग घरी, स्वतःच्या हातांनी करण्याचा छंद अमेरिकेत फार लोकप्रिय आहे आणि त्यासाठी तेथील लोकांची आवडती गाडी म्हणजे ‘मसल कार’. आपण तिला पैलवान गाडी म्हणू.

पैलवान गाड्यांचा जमाना

१९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागाने एक युक्ती केली. टेम्पेस्ट नावाच्या मध्यम आकाराच्या गाडीत त्यांनी मोठ्या गाडीचे ३८९ घनइंची, म्हणजे ६.४ लिटरचे एंजिन बसवले आणि तिला नाव दिले जीटीओ. शरीर हलके, एंजिन दांडगे. जाहिरातीतला आकडा होता ३२५ अश्वशक्ती. तरुण गिऱ्हाइकांच्या तिच्यावर उड्या पडल्या आणि मग फोर्ड, क्रायस्लर, शेवरलेट अशा सगळ्यांनीच पैलवान आखाड्यात उतरवले.

हा जमाना फार टिकला नाही. १९७० साली अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला, विम्याचे हप्ते भडकले आणि १९७३ साली तेलाचा तुटवडा आला. गाड्या मात्र उरल्या. आज त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे. त्यांच्यात संगणक नाही, संवेदक नाहीत. जे काही आहे ते पान्याने सुटते, डोळ्यांनी दिसते आणि फुटपट्टीने मोजता येते. एंजिन कसे चालते हे शिकण्यासाठी यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही.

नमुन्यादाखल आपण शेवरलेटचे ‘३५०’ एंजिन घेऊ. या घराण्यातले पहिले एंजिन १९५५ साली आले, ते २६५ घनइंचांचे होते. (मुंबईत शिवडीला शेवरलेट गाड्यांची जोडणी १९२८ पासून होत असे, तो कारखाना १९५४ साली बंद झाला. एका वर्षाने आपली चुकामूक झाली!) १९६७ साली त्याचे ३५० घनइंची रूप कॅमॅरो गाडीतून बाहेर पडले. त्याचे आठ सिलिंडर चार-चारांच्या दोन रांगांत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे बसवलेले असतात. प्रत्येक सिलिंडराचा व्यास ४ इंच आणि दट्ट्याची धाव ३.४८ इंच. आता तुमच्या वहीत गणित करा: त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय, गुणिले धाव, गुणिले आठ. उत्तर ३४९.८ येते की नाही? मेट्रिक मापात हे ५७३३ घनसेंटिमीटर होतात. मुंबईत टॅक्सी म्हणून अनेक दशके धावलेल्या प्रीमियर पद्मिनीचे एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते. अशी पाच एंजिने एकत्र केली तरी आपला पैलवान थोडा जास्तच भरेल.

आधी नाडी पाहावी

हौशी माणसाची पहिली चूक ठरलेली असते. तो आधी दुकानात जातो. चकचकीत नवे भाग आणून थकलेल्या एंजिनावर चढवतो आणि मग गाडी पूर्वीपेक्षाही वाईट का चालते, याचा विचार करीत बसतो. जुन्या एंजिनाची आधी तपासणी झाली पाहिजे. त्यासाठी दोन स्वस्त उपकरणे पुरतात.

पहिले उपकरण म्हणजे दाबमापक. सगळे स्पार्क प्लग काढायचे, ठिणगीचे मंडल तोडून ठेवायचे, प्लगच्या भोकात दाबमापकाची नळी घट्ट बसवायची आणि स्टार्टरने एंजिन चार-पाच वेळा फिरवायचे. दट्ट्या हवेला किती दाबू शकतो ते काट्यावर कळते. चांगल्या एंजिनात हा आकडा चौरस इंचाला १५० पौंडांच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दसपट असतो. पण खरे महत्त्व एकेका आकड्याला नाही, तर आठ आकडे एकमेकांच्या जवळ असण्याला आहे. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीन चतुर्थांशापेक्षाही खाली असेल, तर कोठेतरी गळती आहे.

कोठे, हे शोधण्याची युक्ती मला फार आवडते. ज्या सिलिंडरात दाब कमी आहे त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर एंजिन तेल ओतायचे आणि पुन्हा मोजायचे. दाब वाढला, तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. कारण तेलाने त्यांच्या कडेची फट तात्पुरती बुजवली. दाब तेवढाच राहिला, तर दोष वरच्या झडपांचा. तेथपर्यंत तेल पोहोचत नाही. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दिसले, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट जळाले असण्याचा संभव मोठा. एका चमच्याने एंजिन न उघडता आतली बातमी कळते.

दुसरे उपकरण निर्वातमापक. एंजिन मंद चालत असताना त्याच्या हवा घेण्याच्या नळीत वातावरणापेक्षा पुष्कळ कमी दाब असतो. निरोगी एंजिनात हा फरक पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांएवढा असतो आणि काटा स्थिर राहतो. काटा ठरावीक तालात थरथरत असेल, तर बहुधा एखादी झडप नीट मिटत नाही. वैद्यबुवा नाडीवर बोट ठेवतात, तसेच हे.

एक ताकीद येथेच देऊन ठेवतो. एंजिन चालू करायचे ते उघड्या जागेत किंवा दार सताड उघडून. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि ट्यूनिंग न झालेल्या एंजिनात तो सर्वांत जास्त तयार होतो. बंद गॅरेजात त्याने काही मिनिटांत प्राण जातात. तसेच गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. भक्कम टेकू लावावेत.

ठिणगी दट्ट्याच्या आधी का?

शाळेच्या पुस्तकात चार धावांच्या एंजिनाची आकृती असते. दट्ट्या हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबत वर येतो, अगदी वर पोहोचतो, ठिणगी पडते, स्फोट होतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. आकृती समजायला सोपी व्हावी म्हणून तसे दाखवतात. प्रत्यक्षात ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच पडते, आणि होतो तो स्फोट नसून ज्वलन असते. प्लगजवळ लहानशी ज्योत पेटते आणि ती सिलिंडरभर पसरत जाते. पसरायला तिला वेळ लागतो.

किती वेळ? ठिणगी पडल्यापासून दाब कमाल होईपर्यंत आपल्या एंजिनात साधारण तीन-सहस्रांश सेकंद लागतात असे धरू. एंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या करीत असेल, तर सेकंदाला ५०. म्हणजे क्रँकशाफ्ट एका सेकंदात १८,००० अंश फिरते, आणि तीन-सहस्रांश सेकंदात ५४ अंश! दट्ट्याला सर्वांत चांगला धक्का बसतो तो दाबाची कमाल शिरोबिंदूनंतर सुमारे १५ अंशांनी आली तर. म्हणजे ठिणगी शिरोबिंदूच्या बरीच आधी, ३५ ते ४० अंश आधी, पडली पाहिजे. जुन्या ‘३५०’ एंजिनासाठी अनुभवाने ठरलेला आकडा ३४ ते ३६ अंशांचा आहे. आपला ओबडधोबड हिशेब त्याच्या किती जवळ आला पाहा.

मग मिनिटाला ६००० फेऱ्या झाल्या तर दुप्पट आधी ठिणगी हवी का? हिशेब तसे म्हणतो, पण निसर्ग येथे आपल्या मदतीला येतो. एंजिन जोरात फिरू लागले, की आत शिरणाऱ्या मिश्रणात भोवरे उठतात आणि ज्योत त्या भोवऱ्यांमुळे जास्त वेगाने पसरते. म्हणून सुमारे ३००० फेऱ्यांनंतर ठिणगी आणखी पुढे आणावी लागत नाही. हे भोवरे नसते, तर जलद फिरणारे पेट्रोल एंजिन बनवताच आले नसते.

मंद गतीला मात्र थोडेच अंश पुरतात. वेगानुसार हा बदल करतो डिस्ट्रिब्युटर. त्याच्या पोटात स्प्रिंगला बांधलेली दोन लहान वजने असतात. फिरण्याचा वेग वाढला, की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगीचा क्षण पुढे ओढतात. संगणकाचे काम दोन वजने आणि दोन स्प्रिंगा करतात! नाजूक स्प्रिंग बसवली, की ठिणगी लवकर पुढे येते. कडक बसवली, की उशिरा. घरच्या घरी करण्यासारखी ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे आणि शंभर रुपयांच्या स्प्रिंगने मिळणारा फरक पुष्कळदा हजारोंच्या कार्ब्युरेटरने मिळत नाही.

ठिणगीचा क्षण दिसतो कसा, हेही गमतीचे आहे. पहिल्या सिलिंडराच्या प्लगच्या वायरीला एक चिमटा लावतात. त्या वायरीतून विजेचा प्रवाह गेला, की हातातला दिवा क्षणभर लखलखतो. त्याचा झोत क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरील जड चाकावर टाकला, की ते चाक गरगर फिरत असूनही त्यावरची पांढरी खूण जागच्या जागी गोठल्यासारखी दिसते. कारण प्रत्येक वेळी दिवा लागतो तेव्हा ती त्याच जागी असते. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचा बोल्ट किंचित सैल करून तो हाताने जरासा फिरवला, की खूण सरकते. आत फिरणाऱ्या हाताच्या उलट दिशेने डिस्ट्रिब्युटर फिरवला तर ठिणगी आधी पडते. असे का, हे एका कागदावर आकृती काढून स्वतःच शोधून काढा.

चाकावर अंशांच्या खुणा नसतील तरी अडत नाही. ८ इंच व्यासाच्या चाकाचा परीघ ६३८ मिलिमीटर. ३६ अंश म्हणजे बरोबर वर्तुळाचा दहावा भाग. तेव्हा शिरोबिंदूच्या खुणेपासून ६४ मिलिमीटरवर रंगाची रेघ ओढली, की काम झाले.

शंकूच्या सावलीची युक्ती

पण थांबा. ही सारी मोजमापे शिरोबिंदूच्या खुणेवर अवलंबून आहेत आणि पन्नास वर्षांच्या गाडीत ती खूणच खोटी असू शकते! ते जड चाक दोन भागांचे असते, मध्ये रबराचे कडे. रबर जुने झाले, की बाहेरचा भाग थोडा घसरतो आणि त्याबरोबर खूणही. मग खरा शिरोबिंदू शोधायचा कसा? प्लगच्या भोकातून काडी घालून दट्ट्या सर्वांत वर कधी आला ते पाहावे, असे तुम्ही म्हणाल. ते जमत नाही. शिरोबिंदूजवळ दट्ट्या जवळजवळ थांबलेलाच असतो. आपल्या एंजिनात क्रँकशाफ्ट शिरोबिंदूपासून ५ अंश फिरले, तरी दट्ट्या पाव मिलिमीटरसुद्धा खाली येत नाही. एवढा फरक काडीने कळणार नाही. आणि ठिणगीत ५ अंशांची चूक म्हणजे लहान चूक नव्हे.

आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत अशाच एका अडचणीवर तोड दिलेली आहे. मध्यान्हीची सावली सर्वांत आखूड असते. पण नेमकी कोणत्या क्षणी, हे सांगता येत नाही, कारण त्या वेळी सावलीची लांबी बदलतच नाही म्हटले तरी चालेल. म्हणून शंकूभोवती वर्तुळ काढतात. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे टेकते तेथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा टेकते तेथे दुसरी. दोन खुणांच्या मध्यातून जाणारी रेघ म्हणजे दक्षिणोत्तर रेषा.

गॅरेजात हेच करायचे. बॅटरीची वायर सोडायची, सगळे प्लग काढायचे आणि पहिल्या सिलिंडराच्या प्लगच्या जागी एक लांब बोल्ट असा बसवायचा, की दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच त्याला अडेल. आता पान्याने क्रँकशाफ्ट सावकाश फिरवा. दट्ट्या अडला, की दर्शकासमोर चाकावर खूण करा. मग उलट दिशेने फिरवा. पुन्हा अडला, की दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरा शिरोबिंदू! जेथे बदल मंद असतो तेथे न मोजता, जेथे बदल जलद असतो अशा दोन ठिकाणी मोजून मध्य काढायचा. शंकू असो की क्रँकशाफ्ट, भूमिती एकच.

मोठ्या गळ्याचा मोह

आता हवा. आपले एंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपले सारे पोट भरते. मिनिटाला ५००० फेऱ्या असतील तर २५०० वेळा ५.७३ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १४,३०० लिटर हवा. अमेरिकन मापात हे ५०६ घनफूट. पण झडपा उघडमीट करायला वेळ लागतो, नळ्यांत घर्षण होते, त्यामुळे साध्या एंजिनाचे पोट ८०-८५ टक्केच भरते. म्हणजे प्रत्यक्ष गरज ४३० घनफुटांच्या आसपास.

दुकानात मात्र ७५० आणि ८५० घनफुटांचे कार्ब्युरेटर डोळ्यांत भरतात. मोठा गळा म्हणजे जास्त हवा, असे वाटणे साहजिक आहे. पण कार्ब्युरेटर चालतो कशावर? त्याचा गळा मध्ये आवळलेला असतो. आवळलेल्या जागी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे पेट्रोल बारीक जेटमधून वर ओढले जाते. हे बर्नुलीचे तत्त्व. गळा फार रुंद केला, की हवेचा वेग घटतो, ओढ कमी पडते, पेट्रोलचे तुषार नीट होत नाहीत, आणि पाय दाबताच गाडी पुढे उडी मारण्याऐवजी अडखळते. आपल्या हिशेबाप्रमाणे ६०० घनफुटांचा कार्ब्युरेटर रस्त्यावरच्या ‘३५०’ला पुरून उरतो. चार गळ्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये तर सोय अशी असते, की नेहमीच्या चालीला दोनच गळे उघडतात आणि उरलेले दोन जोर लावल्यावर.

पेट्रोलचे प्रमाण जेट बदलून ठरवतात. पूर्ण ज्वलनाला १४.७ भाग हवा हे खरे, पण कमाल शक्ती मिळते ती १२.५ ते १३ भागांना. थोडे पेट्रोल जास्त असले, की आतली सगळी हवा कामी येते आणि ज्वलनही जरा थंड राहते. पूर्वी हे प्रमाण प्लगच्या रंगावरून ओळखत. तपकिरी रंग ठीक, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. आता घरगुती हौशी लोकही धुराच्या नळीत ऑक्सिजनचा संवेदक बसवून प्रमाण आकड्यात वाचतात. जोरात चाललेला हा पैलवान मिनिटाला दीड लिटर पेट्रोल पितो, हेही जाता जाता सांगतो. हिशेब वरच्या आकड्यांवरून तुम्हीच करा.

शंभर घोडे कोठे गेले?

जुन्या जाहिरातींतल्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा? शेवरलेटच्या कॉर्व्हेट गाडीतील साध्या ३५० एंजिनाचे आकडे पाहा: १९७० साली ३०० अश्वशक्ती, १९७१ साली २७०, १९७२ साली २००. दोन वर्षांत शंभर घोडे पळाले!

त्यांतले पहिले तीस खरोखरच गेले. सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण १०.२५ वरून ८.५ वर आणले गेले होते. पुढचे सत्तर मात्र बहुतांशी कागदावरचे. १९७१ पर्यंत एंजिन चाचणीच्या घोडीवर चढवून, पंखा, हवेचा फिल्टर, सायलेन्सर असे सारे लोढणे काढून मोजत. १९७२ पासून ते गाडीत असते तसे, सगळ्या जोडण्यांसकट मोजू लागले. पैलवानाला आधी लंगोटावर तोलले आणि नंतर पाठीवर पोते देऊन पळवले, एवढाच फरक.

दाबाचे प्रमाण कमी का केले, याची गोष्ट एंजिनापेक्षा मोठी आहे. मिश्रण जास्त दाबले की शक्ती वाढते, पण ते तापतेही. फार तापले, की ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. दाबाच्या लाटा सिलिंडरात आदळतात, डबीत खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. गाडी ‘नॉक मारते’ असे मिस्त्री म्हणतात. हे चालू दिले, तर दट्ट्याला भोक पडायला वेळ लागत नाही. पेट्रोलची ही भडकण्याला टिकून राहण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन.

१९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये थेंबभर मिसळले तरी नॉकिंग थांबते. पैलवान गाड्या या शिशावरच पोसल्या गेल्या. पण ते शिसे धुरातून बाहेर पडत होते. क्लेअर पॅटरसन हे शास्त्रज्ञ उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढत होते. १९५६ साली त्यांनी ते ४५५ कोटी वर्षे ठरवले. त्या कामात त्यांना सर्वांत मोठा त्रास कशाचा झाला असेल, तर प्रयोगशाळेच्या हवेत, पाण्यात, माणसांच्या केसांत सर्वत्र भरून राहिलेल्या शिशाचा! १९६५ साली त्यांनी लिहिले, की हे शिसे नैसर्गिक नाही, माणसाने पसरवलेले आहे. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. शिवाय धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतात. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ साली पुरते बंद झाले, भारतात २००० साली, आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तेथे २०२१ साली.

घरी ट्यूनिंग करणाऱ्यापुढे त्यामुळे दोन प्रश्न उभे राहतात. एक, १९७० चे १०.२५ प्रमाणाचे एंजिन आजच्या पेट्रोलवर नॉक मारू शकते. तेव्हा उत्तम प्रतीचे पेट्रोल वापरावे किंवा ठिणगी दोन-तीन अंश मागे घ्यावी. दोन, शिशाचा पातळ थर झडपांच्या बैठकीचे झिजेपासून रक्षण करीत असे. आठवड्यातून एकदा फिरवल्या जाणाऱ्या गाडीला याची फारशी चिंता नाही. पण हेड उतरवलेच असेल, तर कार्यशाळेतून कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून तिसरी गोष्ट आली. जुने रबर इथेनॉलने फुगते आणि चिरते. पेट्रोलच्या जुन्या नळ्या आधी बदलाव्यात, मग शक्तीच्या गोष्टी कराव्यात. तापलेल्या एंजिनावर पेट्रोल ठिबकले तर गाडी उरत नाही.

कॅमशाफ्टचा सौदा

एंजिनाचा स्वभाव खरा बदलतो तो कॅमशाफ्ट बदलल्याने. झडपा किती उघडाव्यात आणि किती वेळ उघड्या राहाव्यात, हे त्याच्या उंचवट्यांवर ठरते. झडपा जास्त वेळ उघड्या ठेवल्या तर जास्त वेगाला हवा भरपूर मिळते. पण हा सौदा आहे. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फेऱ्या. वरच्या फेऱ्यांत जे मिळते ते खालच्या फेऱ्यांतून वजा होते. आत येणारी आणि बाहेर जाणारी, अशा दोन्ही झडपा काही काळ एकदम उघड्या राहिल्याने मंद चालीत जळका वायू परत आत शिरतो आणि एंजिन धक्के देत चालते. काही लोकांना तो गुरगुराट संगीत वाटतो. परंतु त्याबरोबर नळीतला निर्वात घटतो, आणि या गाड्यांच्या ब्रेकला जोर देणारे साधन त्याच निर्वातावर चालते! गाडी पळवता आली पण थांबवता आली नाही, तर त्या सुधारणेला काय अर्थ? रस्त्यावरच्या गाडीला मवाळ कॅमशाफ्टच बरा, असे माझे मत आहे.

नवा कॅमशाफ्ट बसवल्यावरची पहिली वीस मिनिटे निर्णायक असतात. या एंजिनात कॅमच्या उंचवट्यावर टॅपेटचा तळ घासत आणि स्वतःभोवती फिरत चालतो. त्या दोन पृष्ठांची एकमेकांशी सोयरीक याच वेळात जुळते. तेल तेथे पोहोचते ते मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून, म्हणून एंजिन मंद चालीवर ठेवायचे नाही. सुरू होताच मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वर नेऊन तेथेच थोडे वरखाली करीत ठेवायचे. तेलही जस्त-फॉस्फरसचे संयुग भरपूर असलेले लागते. आजच्या नेहमीच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या रक्षणासाठी ते कमी केलेले असते. वीस मिनिटांनी एंजिन बंद करून ते तेल ओतून टाकायचे, तेलाचा फिल्टर कापून त्याच्या कागदी घड्या उलगडायच्या आणि त्यांवरून लोहचुंबक फिरवायचा. चुंबकाला नुसता करडा लेप लागला, तर कॅम आणि टॅपेट जुळले. चमकणारे कण चिकटले, तर कॅमशाफ्ट खलास झाला. मग ते कण बेअरिंगांत शिरण्यापूर्वी एंजिन पुन्हा उघडावे लागते.